मालिबूच्या दोन दफनभूमी आणि एक वाद: शेती न करणाऱ्या चुमॅश लोकांत पिढीजात मोठेपण कधी आलं?

मालिबू म्हटलं की आपल्याला हॉलिवूडवाल्यांचे समुद्राकाठचे बंगले आठवतात. पण मालिबू क्रीक जिथे समुद्राला मिळते तिथे हुमालिवो नावाचं चुमॅश या मूळ अमेरिकी लोकांचं मोठं गाव होतं आणि त्या गावाच्या दोन दफनभूमी 1960-70 च्या दशकांत यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या युनिव्हर्सिटीच्या पुरातत्त्ववाल्यांनी खणल्या. एक इ.स. 1000 च्या आगेमागची. दुसरी साधारण 1775 ते 1805 मधली, म्हणजे स्पॅनिश पाद्री आणि सैनिक येऊन बसल्यानंतरची. गाव एकच, दोन्हींमध्ये सात-आठ शतकांचं अंतर, आणि या जोडीवरून 2001-02 मध्ये अभ्यासकांची चांगलीच जुंपली होती. हे प्रकरण मला आवडतं कारण कबरींवरून समाज वाचता येतो का, आणि येत असेल तर नेमकं काय वाचता येतं, हे त्यात फार स्वच्छ दिसतं.

आधी थोडं बॅकग्राउंड. चुमॅश लोकांचा मुलूख म्हणजे दक्षिण कॅलिफोर्नियाचा किनारा, सॅन लुइस ओबिस्पोपासून मालिबूपर्यंत, आतले डोंगर, आणि सांता बार्बराच्या समोरची सांता क्रूझ, सांता रोझा, सॅन मिगेल ही बेटं. स्पॅनिश आले तेव्हा लोकसंख्या पंधरा-वीस हजार असावी असा साधारण अंदाज आहे. शेती नाही, गुरंढोरं नाहीत, मातीच्या भांड्यांऐवजी टोपल्या आणि मऊ दगडाची भांडी. मासे, सील, ओकची फळं कुटून केलेलं पीठ, चिया वगैरे बिया, हे खाणं. जुन्या शाळेतल्या मांडणीप्रमाणे असे लोक छोट्या टोळ्यांत राहायला हवेत, सगळे कमीजास्त सारखे, आणि जो चांगला शिकारी तो तात्पुरता पुढारी. आणि इथे बघतो तर काय, शेकडो माणसांची कायम वस्तीची गावं, प्रत्येक गावाला ‘वोट’ म्हणजे गावप्रमुख, तोही बहुतेक वेळा बापाकडून मुलाकडे जाणारा (काही बायकाही वोट होत्या, तशा नोंदी आहेत), त्याच्या हाताखाली समारंभ सांभाळणारा ‘पाहा’, वरच्या घरांतल्या लोकांची ‘अंतप’ नावाची धार्मिक मंडळी, आणि शिंपल्याच्या मण्यांचा चक्क पैसा!

हे सगळं आपल्याला कळतं ते स्पॅनिश प्रवाशांच्या वर्णनांवरून, मिशनच्या, म्हणजे पाद्र्यांच्या धर्मप्रसाराच्या ठाण्यांच्या, वह्यांवरून आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जॉन हॅरिंग्टन या माणसाने म्हाताऱ्या चुमॅश लोकांकडून, खास करून फर्नांडो लिब्राडोंकडून, जे ढीगभर लिहून घेतलं त्यावरून. म्हणजे शेवटची अवस्था माहीत आहे. प्रश्न असा की ही उतरंड कधीपासूनची? स्पॅनिश यायच्या थोडी आधीची, की हजार वर्षं जुनी? त्यासाठी कागद नाहीत, कबरीच आहेत.

आता कबरीवरून माणसाचा दर्जा कसा कळणार? 1970 च्या आसपास आर्थर सॅक्स, लुईस बिनफर्ड वगैरे मंडळींनी मांडलेला विचार सोपा होता. माणसाला पुरताना त्याच्यासोबत किती आणि काय ठेवलं यावरून जिवंतपणी त्याचं समाजात काय स्थान होतं ते कळतं. आणि यातला कळीचा मुद्दा म्हणजे लहान मुलं. म्हाताऱ्या माणसाच्या कबरीत हजार मणी असले तर तो म्हणू शकतो की मी ते कमावले, पण दोन वर्षांच्या पोराने काय कमावलं असेल? त्याच्या कबरीत ढीगभर मणी असतील, आणि शेजारच्या दहा पोरांच्या कबरीत एकही नसेल, तर मोठेपण जन्माने येत होतं असं म्हणायला जागा होते. चुमॅश भागात लिंडा किंगने 1969 मध्ये मेडिया क्रीकच्या दफनभूमीवर हेच वापरून काम केलं होतं. आगौराजवळची, डोंगराच्या आतल्या बाजूची, उशिराच्या काळातली ही जागा. तिथे श्रीमंती सगळ्या भागांत सारखी पसरलेली नाही आणि मुलांच्या कबरीही भरलेल्या आहेत, हे तिने दाखवलं. पण ती जागा स्पॅनिश काळाच्या जवळची, त्यामुळे ‘कधीपासून’चं उत्तर तिथे मिळत नव्हतं.

बाकी किनाऱ्यावरच्या कबरींचं काय झालं ते सांगायलाच नको. 1870 च्या दशकात स्मिथसोनियनसाठी पॉल शूमाकर, फ्रान्ससाठी लेऑं द सेसाक, अशी माणसं बेटांवर आणि किनाऱ्यावर उतरली आणि चांगलं दिसेल ते उचलून वॉशिंग्टनला, पॅरिसला पाठवत सुटली. दगडी भांडी, पाइप, मणी म्युझियममध्ये पोचले, पण कुठली वस्तू कुणाच्या कबरीतली, बाईच्या की पोराच्या, ते बहुतेक ठिकाणी गेलं ते गेलंच. समाजरचना बघायची तर वस्तूपेक्षा ती कुणाशेजारी होती हे महत्त्वाचं, आणि नेमकं तेच हरवलं. म्हणून मालिबूसारखी, नोंदी ठेवून खणलेली, दोन काळांची जागा एवढी मोलाची.

2001 मध्ये लिन गॅम्बल, फिलिप वॉकर आणि ग्लेन रसेल यांनी अमेरिकन अँटिक्विटी या नियतकालिकात मालिबूवर लेख लिहिला. त्यांची युक्ती मला फार पटते. त्यांनी जुन्या दफनभूमीपासून सुरुवात केलीच नाही, आधी नवीन घेतली. कारण त्या काळाबद्दल कबरीबाहेरचा पुरावा आहे. सॅन बुएनाव्हेंतुरा मिशन 1782 मध्ये सुरू झालं आणि तिथले पाद्री बाप्तिस्मा देताना माणसाचं नाव, गाव, आईबाप, नवरा-बायको, आणि तो गावचा ‘कापितान’ म्हणजे प्रमुख असेल तर तेही लिहून ठेवायचे. जॉन जॉन्सनने या वह्या वर्षानुवर्षं चाळून कुठल्या गावात कुणाचं कुणाशी लग्न झालं याचं जाळं उभं केलं होतं. त्यातून एक मजेशीर गोष्ट दिसते. सामान्य चुमॅश माणूस लग्न करून बायकोच्या घरी, तिच्या गावी जायचा. प्रमुख मात्र आपल्याच गावी राहायचा, बायका त्याच्याकडे यायच्या, आणि त्याला एकाहून जास्त बायका असायच्या, त्याही वेगवेगळ्या गावांतल्या. म्हणजे वरच्या घरांचे नियम वेगळे होते हे कागदावरच आहे. मग त्यांनी विचारलं की हे जे आपल्याला कागदावरून माहीतच आहे ते त्याच काळच्या कबरीत दिसतं का? दिसत असेल तर कबरी खरं बोलतात असं धरून सातशे वर्षं मागे जाऊ. हाडांचा अभ्यास वॉकरकडे, म्हणजे वय, लिंग, आजारपण, जखमा हेही जोडीला होतं, नुसते मणी मोजणं नव्हतं.

नव्या दफनभूमीत मण्यांचे, त्यात स्पॅनिशांकडून आलेल्या काचेच्या मण्यांचेही, ढीग काही थोड्या लोकांकडे आणि बाकी बऱ्याच जणांकडे जेमतेम, हे चित्र मिळालं. आणि जुन्या दफनभूमीतही तसंच! श्रीमंत कबरी पसरलेल्या नाहीत, एका भागात जास्त, त्यांत मुलंही आहेत, आणि काही भरलेल्या कबरींबरोबर तोमोलचे अवशेष आहेत.

तोमोलवर जरा थांबायला हवं, नाहीतर हा पुरावा एवढा जड का ते लक्षात येणार नाही. तोमोल म्हणजे चुमॅश लोकांची फळ्यांची होडी. एका ओंडक्यातून कोरलेली नाही, तर उत्तरेकडून समुद्रात वाहत आलेल्या रेडवूडच्या ओंडक्यांच्या फळ्या काढायच्या, कडांना भोकं पाडायची, वनस्पतीच्या दोरीने त्या एकमेकींना शिवायच्या आणि सांधे, भोकं नैसर्गिक डांबराने बुजवायची (कार्पिंटेरियाच्या किनाऱ्यावर डांबर आपोआप जमिनीतून वर येतं, आजही). आठ-दहा मीटर लांब, वजनाला हलकी, आणि बांधायला जाणकार माणसं महिनोन्महिने लागायची. प्रत्येकाच्या आवाक्यातली वस्तू नव्हे ही. आणि बेटांचा सगळा व्यापार यावर. बेटांवरून मणी यायचे, मुख्य भूमीवरून ओकची फळं, बिया, हरणाचं सामान जायचं, मध्ये तीस-चाळीस किलोमीटर उघडा समुद्र. ज्याची होडी त्याची नाडी, असंच म्हणा ना. तोमोलचे मालक अस्वलाच्या कातड्याची आखूड केप घालून मिरवायचे अशी वर्णनं आहेत. तर अशा होडीच्या डांबर लागलेल्या फळ्या इ.स. 1000 च्या सुमाराच्या कबरीत मिळणं, आणि त्याही मण्यांनी भरलेल्या कबरींबरोबर, म्हणजे होडीची मालकी आणि मोठं घर हे नातं तेव्हाच जुळलेलं होतं. गॅम्बल वगैरेंचा निष्कर्ष हाच की पिढीजात उतरंड इ.स. 1000 पर्यंत बसलेली होती.

हे जीन अर्नोल्डला पटणं शक्य नव्हतं, कारण तिचं आयुष्यभराचं काम सांता क्रूझ बेटावरचं आणि तिचं म्हणणं वेगळं होतं. तिच्या 1992 च्या मांडणीत मोठा बदल होतो तो 1150 ते 1300 मध्ये. त्या काळात बेटावर मणी बनवण्याचा धंदा प्रचंड वाढलेला दिसतो. ऑलिव्हेला नावाच्या छोट्या समुद्री गोगलगायीचा शंख घ्यायचा, तोडायचा, चकमकीच्या बारीक पात्यांनी भोक पाडायचं, मग घासून गोल करायचा. पाती बनवणारी गावं बेटाच्या पूर्वेला, चांगल्या दगडाजवळ. पूर्वी शंखाच्या भिंतीचे मणी असायचे, आता तोंडाजवळच्या जाड भागाचे छोटे वाटीसारखे मणी आले. एका शंखातून एकच मणी, म्हणजे मेहनत जास्त, किंमत जास्त. हेच पुढे पैसा म्हणून चालायचे, हाताभोवती माळ गुंडाळून मोजायचे. अर्नोल्डचं म्हणणं असं की हवामान बिघडलं, दुष्काळ पडले, खाण्याची ओढाताण झाली आणि अशा वेळी ज्यांच्याकडे होड्या होत्या त्यांनी दुसऱ्यांच्या श्रमावर ताबा मिळवला. (समुद्राचं पाणी तापलं म्हणून मासे घटले हा तिचा सुरुवातीचा भाग पुढे टिकला नाही, 2000 मध्ये केनेट पितापुत्रांनी दाखवलं की त्या काळी पाणी उलट थंड आणि सुपीक होतं. जमिनीवरचा दुष्काळ मात्र खरा.) तर 2002 मध्ये अर्नोल्ड आणि टेरिसा ग्रीन यांनी त्याच नियतकालिकात उत्तर दिलं आणि त्याचा रोख असा की मालिबूच्या कबरींचा अर्थ एवढा सरळ नाही, एकाच चित्रातून दोन-तीन वेगळे समाज निघू शकतात. गॅम्बल मंडळींनी पुन्हा उलट उत्तर दिलं. अमेरिकन पुरातत्त्वात हे असं चालतंच.

आता मला काय वाटतं ते. शंका घेण्यासारखी पहिली जागा म्हणजे ती मुलंच. लहान मुलाच्या कबरीत मणी कुणी ठेवले? मुलाने नाही, मागे राहिलेल्यांनी. आपल्याकडे लग्नातली आहेराची वही वाचली तर नवरीबद्दल कमी आणि तिच्या बापाच्या गोतावळ्याबद्दल जास्त कळतं, तसंच हे. बाप कर्तबगार असेल, त्याने स्वतः कमावलेलं असेल, आणि पोर गेल्याच्या दुःखात हातातलं सगळं त्याच्यासोबत ठेवलं असेल, तर कबर श्रीमंत दिसेल पण वारशाने येणारं पद त्यातून सिद्ध होत नाही. एकेकट्या कबरीपुरता हा आक्षेप बिनतोड आहे. त्यात चुमॅश लोकांमध्ये मेलेल्याच्या वस्तू जाळायची रीत होती, पुढे दर काही वर्षांनी मोठा शोकविधी व्हायचा त्यातही वस्तू जाळल्या जायच्या, म्हणजे कबरीत उरलं ते एकूण खर्चाचा एक तुकडाच. आणि नव्या दफनभूमीचं काय, तो काळ तर रोगराईचा, गावं फुटण्याचा. बाप्तिस्मा घेतलेली माणसं सहसा मिशनच्या दफनभूमीत जायची, गावात पुरले गेले ते बाकीचे. अशा विस्कटलेल्या वेळेचं चित्र सातशे वर्षं मागे न्यायचं म्हणजे धाडस आहे.

पण माझा कल तरीही गॅम्बलकडे आहे, आणि कारण नुसती श्रीमंत मुलं हे नाही तर जागा आहे. एखाद्या बापाने हळहळून पोराला मण्यांत पुरलं हे समजू शकतो, पण श्रीमंत मोठे आणि श्रीमंत लहान दफनभूमीच्या एकाच भागात येत राहतात आणि हे पिढ्यान्‌पिढ्या चालतं, तेव्हा ती एका माणसाची कमाई राहत नाही. कुणीतरी ती जागा राखतंय. चुमॅश दफनभूमी गावाला लागून असायच्या, कुंपण घातलेल्या, वर रंगवलेले खांब, व्हेलची हाडं, मेलेल्याच्या वस्तू टांगलेल्या, पेद्रो फाँट हा स्पॅनिश पाद्री 1776 मध्ये तिथून गेला तेव्हा त्याने असे खांब पाहिलेत. म्हणजे कुणाची माणसं कुठे पुरली आहेत हे गावात सगळ्यांना दिसायचं. दुसरं म्हणजे अंतपची रीत. वरच्या घरांतली मुलं लहानपणीच या मंडळीत घेतली जायची आणि आईबापांना त्यासाठी मण्यांमध्ये भरभक्कम पैसे मोजावे लागायचे. म्हणजे बापाची कमाई आणि मुलाचं पद या दोन गोष्टी तिथे वेगळ्या काढताच येत नाहीत, बाप पैसे भरूनच पोराला पद मिळवून देतोय! कमावलेलं की वारशाचं ही विभागणीच अभ्यासकांनी बाहेरून आणलेली आहे असं मला वाटतं.

आणि मुळात दोन्ही बाजू एकाच गोष्टीचं माप घेत नव्हत्या. मालिबूच्या कबरी सांगतात की काही घरांचं मोठेपण मुलांपर्यंत पोचत होतं. सांता क्रूझवरची मण्यांची कारखानदारी सांगते की खूप लोक घरच्या गरजेपलीकडे दुसऱ्या कुणासाठी राबत होते. पहिली गोष्ट आधी आणि दुसरी नंतर यात विरोध काहीच नाही. प्रमुख म्हणजे श्रमावर ताबा असणारा अशी व्याख्या केली तर अर्नोल्डची तारीख बरोबर, घराणं अशी केली तर गॅम्बलची. अर्थात 2020 च्या एका लेखात गॅम्बलने मणी पैसा म्हणून सुमारे 2000 वर्षांपूर्वीच चालत असावेत असं मांडलंय, म्हणजे तिने पैशाचीही तारीख मागे ढकलली, तो भाग अजून पचायचाय.

इनामगाव माहीत असणाऱ्यांना यात ओळखीचं काही दिसेल. शिरूर तालुक्यातल्या त्या ताम्रपाषाणयुगीन गावात डेक्कन कॉलेजच्या उत्खननात पाच खोल्यांच्या मोठ्या घराच्या अंगणात, चार पायांच्या मातीच्या रांजणात मांडी घालून बसवलेला पुरुष मिळाला, घराला धान्याचं कोठार, म्हणून तो गावप्रमुख असावा असा अर्थ लावला जातो. पटतो. पण ती एक कबर आहे. एका कबरीवरून मोठा माणूस कळतो, मोठं घराणं कळायला अख्खी दफनभूमी लागते, आणि मालिबूत ती होती, तीही दोनदा.

उतरंडीबद्दलच बोलत राहिलो तर एक गोष्ट सुटेल. समाजरचना म्हणजे फक्त वर कोण आणि खाली कोण एवढंच नसतं. चुमॅश गावात प्रेतं उचलणं, खड्डा खणणं, पुरणं हे काम ठराविक लोकांचं होतं आणि ते टोपली आणि वस्तूंच्या रूपात मोबदला घ्यायचे. हे काम पाळी गेलेल्या बायका करायच्या किंवा ‘आकी’ म्हणवले जाणारे, म्हणजे मूल जन्माला घालण्याच्या वाटेला न जाणारे, पुरुषाच्या शरीराचे पण पुरुषांत न मोजले जाणारे लोक. सँड्रा हॉलिमनने बेटांवरच्या कबरींमध्ये त्यांना शोधायचा प्रयत्न केला. खणायच्या काठीला लावायचं दगडी कडं आणि टोपली या दोन्ही वस्तू एकत्र, हा तिच्या मते पुरणाऱ्यांचा संच, आणि सांता क्रूझवरच्या दोन तरुण पुरुषांसोबत तिला तो मिळाला, शिवाय त्यांच्या पाठीच्या मणक्यांची झीज बायकांमध्ये दिसणाऱ्या झिजेसारखी, म्हणजे वर्षानुवर्षं वाकून खणण्याची. दोनच माणसं, त्यामुळे फार ताणू नये. पण श्रीमंत-गरीब एवढाच चष्मा लावला असता तर हे दोघे मधल्या कुठल्यातरी रांगेत हरवून गेले असते.

हाडांवरून अजून एक धागा निघतो, मारामारीचा. वॉकर आणि पॅट्रिशिया लॅम्बर्ट यांच्या कामात दिसतं की बेटांवरच्या कवट्यांवर भरून आलेल्या जखमा मुख्य भूमीपेक्षा बऱ्याच जास्त, आणि इ.स. 500 च्या सुमारास धनुष्यबाण आल्यानंतर बाण लागून मेलेल्यांचं प्रमाण वाढतं, ते 1150 च्या आधीच्या काही शतकांत सगळ्यात वाईट. म्हणजे मालिबूची जुनी दफनभूमी भरत होती तेव्हाच. पुढे हे प्रमाण उतरतं. प्रमुखांची घडी बसल्यामुळे भांडणं आवरली, की भांडणांमुळे लोक प्रमुखांच्या आसऱ्याला गेले? दोन्ही वाचता येतं, आणि मला दुसरं जास्त पटतं, कारण घराणी तेव्हा आधीच होती.

पुढे काय, तर नवीन उत्खननं जवळजवळ नाहीतच. अमेरिकेत मूळ लोकांच्या कबरींचा आणि अवशेषांचा 1990 चा कायदा आल्यापासून म्युझियम आणि युनिव्हर्सिट्यांना मूळ लोकांची हाडं, कबरीतल्या वस्तू यांची यादी करून त्यांच्या वंशजांशी बोलावं लागतं, परत द्याव्या लागतात. वॉकर स्वतः चुमॅश लोकांबरोबर बसून काम करणारा, 2009 मध्ये गेला. सांता बार्बराच्या युनिव्हर्सिटीत हाडांसाठी जमिनीखाली वेगळं दालन बांधलं गेलं ते चुमॅश मंडळींशी झालेल्या समझोत्यातून, अभ्यास चालेल पण जागा मानाची हवी असा. श्रीमंत भागातली मोठी आणि लहान माणसं खरंच एका रक्ताची होती का, हे आज डीएनएने तपासता येईल, आणि गॅम्बल-अर्नोल्ड वाद बराचसा तिथेच मिटेल. पण त्यासाठी हाडाचा तुकडा कापावा लागतो, आणि तो कापायचा की नाही हे आता पुरातत्त्ववाल्यांनी एकट्याने ठरवायचं नाही.